स्वभाव बिघडला, की मेंदू आजारी पडला?



या पानावर आम्ही नेहमी पीक, जनावरे, पाणी आणि घरचे आरोग्य यांविषयी लिहितो. आज एका अवघड रोगाविषयी लिहीत आहोत. हा रोग फार लोकांना होत नाही. पण ज्या घरात शिरतो त्या घराची अब्रू, जमीन आणि संसार ही तिन्ही पणाला लागतात. आणि बहुतेक वेळा, हा रोग आहे हे कळण्याआधीच आपण त्या माणसाला दोषी ठरवून मोकळे होतो. आम्हीही एकदा तसेच केले, म्हणून हा लेख.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी होते. वय ५४. ऊस आणि भुईमूग करणारे, हिशेबाला चोख, बोलणे मोजके. सोसायटीचे कर्ज वेळेवर फेडणार, शेजाऱ्याच्या बांधाला कधी नांगर लावणार नाहीत, असा माणूस. हळूहळू त्यांचे वागणे पालटले. मयताच्या घरी बसून ते मोठ्याने हसू लागले. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानातले उचलून खाऊ लागले. घरात गुळाची ढेप आणली की चार दिवसांत निम्मी संपवीत. उसाचे बिल हातात आले त्या दिवशी वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला त्यातले पैसे देऊन आले. धाकट्या मुलाचा पाय मोडला, तेव्हा त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले आणि जेवायला कधी वाढणार एवढेच विचारले.

त्यांची पत्नी आमच्याकडे आली. म्हणाली, “फादर, हे दारू पीत नाहीत, पण दारुड्यापेक्षा वाईट वागतात. तुम्ही तरी चार शब्द सांगा.” आम्ही त्यांना बोलावून घेतले आणि तासभर चांगलेच सुनावले. ते शांतपणे ऐकत होते. आमचे बोलणे संपल्यावर त्यांनी टेबलावरची सगळी केळी खाल्ली आणि निघून गेले. माणूस उद्दाम झाला, असे आम्ही मनात म्हटले.

पुढे वर्ष-दीड वर्षाने त्यांच्या उजव्या हातातून विळा निसटू लागला. शर्टाची बटणे लावता येईनात. जीभ जड झाली. पाणी पिताना ठसका लागू लागला. कोणी म्हणाले अर्धांगवायू, कोणी म्हणाले करणी. शेवटी शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी हात तपासला, जीभ पाहिली आणि मग पत्नीला विचारले, “यांचा स्वभाव अलीकडे बदलला आहे का?” त्या बाईंच्या डोळ्यांना धार लागली. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी तरी विचारला होता. बिघडलेला स्वभाव आणि गळून गेलेला हात, दोन्ही एकाच रोगाची कामे होती.

त्या रोगाची ओळख आता क्रमाने करून घेऊ.

१. कपाळामागचा मुकादम

आपल्या मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळी कामे करतात. कपाळामागचा भाग हा मुकादमासारखा असतो. कोठे बोलावे, कोठे गप्प बसावे, किती खावे, कोणते काम आधी करावे, दुसऱ्याचे दुःख कसे ओळखावे, हे तो सांभाळतो. कानशिलाच्या आतला भाग शब्दांचे अर्थ व माणसांच्या भावना समजण्यास मदत करतो. हे दोन भाग हळूहळू झिजत जाण्याच्या रोगाला डॉक्टर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात.

प्राग शहरातील डॉक्टर अर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली अशा एका रुग्णाचे वर्णन केले. त्याची भाषा हरपत गेली होती आणि मृत्यूनंतर मेंदू पाहिला तेव्हा त्याचा डावा कानशिलाकडचा भाग आकसलेला आढळला. म्हणून पुष्कळ वर्षे या रोगाला पिकचा रोग म्हणत.

डिमेन्शिया म्हटले की म्हातारपणीचा विसरभोळेपणा आपल्या डोळ्यांपुढे येतो. येथे तसे नसते. हा रोग बहुधा ४५ ते ६५ या वयात, म्हणजे माणूस घरचा कर्ता असतानाच सुरू होतो. सुरुवातीस स्मरण बरेच शाबूत असते. शेताची वाट, देण्याघेण्याचे आकडे, नातवंडांची नावे सारे आठवते. त्यामुळेच घरच्यांची फसगत होते. “सगळे आठवते, मग वागायचे कसे तेवढे आठवत नाही काय?” असे ते म्हणतात. पण वेसण तुटलेल्या बैलाला घराची वाट ठाऊक असते. त्याला आवरणारे काही उरलेले नसते, इतकेच.

आणखी एक गोष्ट. आपल्यात काही बदल झाला आहे हे रुग्णाला स्वतःला बहुधा कळत नाही. ज्या भागाने ते कळायचे तोच भाग आजारी असतो. म्हणून समजावणे, रागावणे, शपथा घालणे यांचा उपयोग होत नाही.

२. विहिरीवरची मोटर

आता दुसरी बाजू. विहिरीवरची मोटर चांगली असते, पण स्टार्टरपासून येणारी तार जळाली तर मोटर फिरत नाही. आपल्या शरीरातील स्नायू म्हणजे मोटर. मेंदूपासून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत आणि तेथून स्नायूपर्यंत हुकूम पोहोचवणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांना मोटर न्यूरॉन म्हणतात. या पेशी मरू लागल्या की स्नायूला हुकूम मिळत नाही. मग तो अशक्त होतो, वाळतो आणि कातडीखाली बारीक फडफडत राहतो. काहींचे हातपाय ताठतात. गिळणे, बोलणे आणि शेवटी श्वास घेणे अवघड होते. स्पर्श मात्र समजतो, डोळेही नीट फिरतात. याला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. पॅरिसचे डॉक्टर जाँ-मार्टिन शार्को यांनी १८६९ साली या रोगाचा मुख्य प्रकार वर्णन केला.

इंग्लंडचे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना हा रोग असल्याचे १९६३ साली, त्यांच्या वयाच्या २१ व्या वर्षी कळले. ते २०१८ पर्यंत जगले. सर्व शरीर निकामी झाले तरी त्यांची बुद्धी तल्लख राहिली. इतकी वर्षे जगणे या रोगात फार विरळ. अशा उदाहरणांवरून लोकांचाच नव्हे, तर पुष्कळ डॉक्टरांचाही समज झाला होता की या रोगाचा बुद्धीशी व स्वभावाशी संबंध नाही. अनेकांच्या बाबतीत ते खरेही आहे, पण सर्वांच्या नाही.

३. दोन फांद्या, एकच खोड

मोटर न्यूरॉन डिसीजच्या १०० रुग्णांकडे नीट पाहिले तर सुमारे १० ते १५ जणांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाही असतो. सौम्य बदल धरले तर जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या विचारात वा वागण्यात काही ना काही फरक सापडतो. उलट बाजूनेही तसेच. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या १०० रुग्णांपैकी सुमारे १० ते १५ जणांना पुढे मोटर न्यूरॉन डिसीज होतो. कधी स्वभाव आधी बदलतो, कधी हात आधी गळतो, कधी दोन्ही बरोबरच येतात.

याचे कारण २००६ साली सापडले. आपल्या पेशीच्या केंद्रात टीडीपी-४३ नावाचे एक प्रथिन असते. केंद्रात राहून पेशीचा कारभार नीट चालवण्यास ते मदत करते. या रोगात ते केंद्र सोडून बाहेर येते आणि त्याच्या गुठळ्या होतात. कारभारी कचेरी सोडून अंगणात जाऊन बसावा, इकडे कामे अडावीत आणि तिकडे वाटही अडावी, तसे होते. मोटर न्यूरॉन डिसीजच्या बहुतेक सर्व रुग्णांत आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत याच प्रथिनाच्या गुठळ्या आढळल्या. म्हणजे खोड एकच. कपाळाकडे गेले तर स्वभाव जातो, मज्जारज्जूकडे गेले तर बळ जाते.

२०११ साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी आणखी एक दुवा शोधला. सी-नाइन-ओआरएफ-७२ नावाच्या जनुकात सहा अक्षरांचा एक तुकडा असतो. तो सामान्यतः थोड्याच वेळा येतो. काही घराण्यांत मात्र तोच तुकडा शेकडो, हजारो वेळा लागोपाठ येतो. अशा घराण्यात एकाला डिमेन्शिया, दुसऱ्याला मोटर न्यूरॉन डिसीज आणि तिसऱ्याला दोन्ही, असे घडते. आईला किंवा वडिलांना हा दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. युरोप-अमेरिकेत आनुवंशिक रुग्णांत हा दोष फार आढळतो, आशियात त्या मानाने कमी. पुष्कळ रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच रोग नसतो, हेही लक्षात ठेवावे. तेव्हा एका घरात रोग निघाला म्हणून त्या घराशी सोयरीक नको, असे बोलणे अन्यायाचे होईल. हा रोग लागट तर मुळीच नाही.

४. हा परदेशातलाच रोग आहे काय?

नाही. हैदराबाद येथील निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून तो २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ११६ जणांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया होता. त्याच अभ्यासात असे दिसले की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाला. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या भागाला ही बातमी गोड वाटेल. पण त्यामुळे रोग टळतो असे नाही. आपल्या गावांतही तो असतो, आपण त्याला दुसरी नावे देतो, एवढेच.

५. ओळखावे कसे?

शांत माणूस एखादे दिवशी रागावला म्हणून तो आजारी ठरत नाही. पण चाळिशी-पन्नाशीनंतर पुढील बदल नव्याने दिसू लागले, काही महिने टिकले आणि वाढत गेले, तर सावध व्हावे :

(अ) चारचौघांत लाज न उरणे, नको ते बोलणे, परक्यांच्या अंगचटीस जाणे.
(आ) कशातच रस न राहणे, पेरणी-कापणीची काळजी सुटणे, अंघोळ टाळणे.
(इ) घरच्यांच्या दुःखाने काहीच न वाटणे.
(ई) तेच वाक्य, तीच फेरी, तेच काम पुनःपुन्हा करणे.
(उ) गोडाची हाव, भराभर खाणे, खाण्याजोगे नसलेलेही तोंडात घालणे.
(ऊ) पैसे उधळणे, कोणाच्याही सांगण्यावरून सही करणे.
(ए) नेहमीच्या वस्तूंची नावे न सुचणे किंवा “खुरपे म्हणजे काय?” असे विचारणे.

यांच्या जोडीला हातातून वस्तू निसटणे, अंगठा व तर्जनी यांच्यामधले मांस झडणे, पाय फरफटणे, जीभ अडखळणे, ठसका लागणे, स्नायू फडफडणे किंवा वजन घटणे यांतले काही दिसले तर एक दिवसही वाया घालवू नये.

६. डॉक्टरकडे जाताना

न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे मेंदू व ज्ञानतंतूंचे डॉक्टर. त्यांनाच दाखवावे. आपल्या भागातून बेंगळुरूच्या निम्हान्स या सरकारी संस्थेतही जाता येते. रुग्ण स्वतः “मला काही झालेले नाही” असेच सांगेल. म्हणून घरच्या माणसाने बरोबर जावे आणि काय बदलले, केव्हापासून बदलले, हे कागदावर लिहून न्यावे. हात दाखवायला गेला असाल तरी स्वभावाचे सांगा. स्वभावाचे सांगायला गेला असाल तरी हाताचे सांगा. लाजेने एक बाजू झाकली तर डॉक्टरांना अर्धाच रोग दिसतो.

मेंदूचे एमआरआय, स्नायूंची सुई घालून केलेली विजेची तपासणी व रक्ताच्या तपासण्या होतात. तपासणीचा मोठा फायदा असा की यासारखेच दिसणारे पण बरे होणारे आजार सापडतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, डोक्याला मार लागून हळूहळू साचलेले रक्त, मनाची उदासी, दारूचा परिणाम, मानेच्या मणक्यात दबलेली नस, यांवर उपाय आहेत. कीटकनाशकाच्या विषबाधेनेही पुढे हातापायांत कमजोरी येऊ शकते. तेव्हा फवारणी केली असेल तर औषधाचे नाव डॉक्टरांना अवश्य सांगावे.

खरा रोग हाच निघाला तर तो बरा करणारे औषध आज नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. रिलुझोल नावाची गोळी मोटर न्यूरॉन डिसीजचा वेग थोडा कमी करते, फायदा काही महिन्यांचा. अस्वस्थता व हट्ट कमी करणारी औषधे डॉक्टर देतात. विसरभोळेपणासाठी दुसऱ्यांना दिलेली गोळी शेजाऱ्याकडून आणून देऊ नये. या रोगात ती उपयोगी पडत नाही, कधी वागणे अधिकच बिघडते. दोन्ही रोग एकत्र आले की आयुष्य बहुधा दोन ते तीन वर्षांचे, कोणाचे कमी, कोणाचे जास्त. खात्रीचा इलाज म्हणून जमीन गहाण टाकायला लावणाऱ्या वैद्य-मांत्रिकांच्या दारी जाऊ नका.

७. घरी सांभाळताना

जेवण : येथे सर्वांत मोठा धोका आहे. एक रोग त्याला भराभर घास कोंबायला लावतो आणि दुसरा रोग त्याचे गिळणे दुबळे करतो. दोन्ही मिळून घास श्वासनळीत जातो. म्हणून ताट पुढे ठेवून उठू नये. वाटीत थोडे थोडे वाढावे, लहान चमचा द्यावा. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून खाऊ घालावे. जेवल्यावर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. कोरडी भाकरी, चुरमुरे, शेंगदाणे टाळावे. मऊ भात, दाट आंबील, कुस्करलेले केळे बरे. पातळ पाण्याने ठसका लागतो, म्हणून पेय दाट करावे. ख्रिस्तप्रसादाच्या वेळीही धर्मगुरूंना आधी सांगावे. अगदी लहान तुकडा देता येतो. वजन फार घटू लागले तर पोटात नळी बसवण्याविषयी डॉक्टरांशी वेळेवर बोलावे. रात्री आडवे झाल्यावर दम लागत असेल तर श्वासाला मदत करणारे यंत्र मिळते, त्याविषयीही विचारावे.

शेत : आपले बळ कमी झाले हे त्याला उमजत नाही. ट्रॅक्टरची किल्ली, कडबा कापण्याचे यंत्र, विजेची पेटी त्याच्या हाताशी ठेवू नये. विहिरीला कठडा नसेल तर आधी तो बांधावा. कीटकनाशके व खते कुलपात ठेवावीत, कारण तोंडात काहीही घालण्याची त्याला सवय लागलेली असते.

पैसा व जमीन : भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याप्रमाणे ज्याला व्यवहार समजत नाही त्याने केलेला करार टिकत नाही. पण ते पुढे कोर्टात सिद्ध करताना घरचे लोक जेरीस येतात. म्हणून निदान झाल्याबरोबर, रुग्णाला समज आहे तोवर, वकिलाच्या सल्ल्याने व्यवस्था लावावी. डॉक्टरांचे कागद जपून ठेवावेत. बँकेत व सोसायटीत जाऊन परिस्थिती सांगावी.

सांभाळणारी व्यक्ती : बहुधा ती पत्नी असते. नवरा जिवंत असून तिचा ओळखीचा माणूस मात्र घरातून गेलेला असतो, आणि वर गावाचे बोलणे तीच ऐकते. भावकीने आणि शेजाऱ्यांनी आठवड्यातून एक-दोन वेळा त्याच्याजवळ बसून तिला मोकळीक द्यावी. पाणी पाजायची पाळी, दूध घालायची खेप, मुलांचा अभ्यास यांतले एखादे काम उचलावे. हात जोडून नुसती कीव करण्यापेक्षा हे मोलाचे.

८. दोष कोणाचा?

गंभीर पापाला पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती लागते, हे आम्हाला सेमिनरीत शिकवले होते. जाणीव आणि संमती ज्या मेंदूतून यायची तोच झिजला असेल तर दोष कोणाच्या माथी मारायचा? हे धडे शिकवणाऱ्या आम्हालाच ते त्या दिवशी आठवले नाही. म्हणून पन्नाशीच्या माणसाचे वागणे अचानक पालटले तर उपदेशाआधी तपासणी व्हावी, हे आता आम्ही स्वतःला व तुम्हाला सांगतो. प्रत्येक वाईट वागणे रोगच असते असे नाही. पण जे आयुष्यभर तसे वागले नाहीत त्यांना तेवढी संधी देणे आपले कर्तव्य आहे.

ते शेतकरी निदानानंतर सुमारे दीड वर्ष जगले. शेवटी त्यांना बोलता येत नव्हते. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या दिवसाच्या बोलण्याची माफी मागितली. त्यांना किती कळले ते देवास ठाऊक. ते आमच्या पिशवीकडे पाहत होते. आम्ही केळे काढून कुस्करले. त्यांच्या पत्नीने त्यांना ताठ बसवले, हनुवटी खाली धरली आणि चमच्याने सावकाश भरवले. मग म्हणाली, “फादर, तुम्ही त्यांना रागावलात ते मी कधीच विसरले. पण डॉक्टर म्हणाले हा आजार आहे, त्या दिवसापासून मीही त्यांच्यावर रागावले नाही.”

तुमच्या वाडीत, तुमच्या भावकीत असा एखादा माणूस आहे काय? आज संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन या.